ज्या केंद्रात दारू सुटली, त्याच केंद्राविरुद्ध तक्रार कशी करू?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक चौतिशीतले असून मूळचे सिन्नर तालुक्यातले आहेत. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ते सीएनसी मशीन चालवत. दारूपायी नोकरी गेली, पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली आणि सव्वादोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाने त्यांना नाशिक शहराबाहेरच्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले. तेव्हापासून त्यांनी दारूला स्पर्श केलेला नाही. उपचाराची मुदत संपल्यावर केंद्रचालकांनी त्यांना ‘सेवेसाठी’ ठेवून घेतले. जेवण, राहणे आणि महिना ४,००० रुपये हातखर्च मिळतो. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक चालकांच्या कपाटात असते. रात्री गाडी घेऊन ‘पिकअप’ला, म्हणजे नव्या पेशंटला घरून उचलून आणायला जाणे, पेशंटवर लक्ष ठेवणे, रजिस्टर भरणे आणि घरच्यांचे फोन घेणे ही त्यांची कामे आहेत. नवा पेशंट मिळवून दिल्यास २,००० रुपये वेगळे मिळतात. दोन महिन्यांपूर्वी आणलेला एक पेशंट तिसऱ्या दिवशी थरथरू लागला आणि नसलेल्या माणसांशी बोलू लागला. ‘नाटक करतोय’ असे म्हणून त्याचे हात खाटेला बांधण्यात आले. पहाटे त्याला फिट आली, तेव्हा रुग्णालयात नेले आणि तो वाचला. घरच्यांना मात्र ‘बाथरूममध्ये पडला’ असे सांगण्यात आले, आणि पुढे ‘अजून तयार नाही’ असे फोनवर सांगत त्याचा मुक्काम महिन्यामागून महिना वाढवला जात आहे. पत्रलेखक विचारतात: ज्यांनी मला जीवदान दिले, त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे कृतघ्नपणा नाही का? इथून बाहेर पडलो तर मी पुन्हा पिईन का? केंद्र बंद झाले तर आतली तीसेक माणसे कुठे जातील, आणि पिकअपला मीही जात होतो, तर मीही गुन्हेगार ठरेन का? शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिले आहे: ‘थोडी मारहाण झाल्याशिवाय दारू सुटत नाही, मलाही झाली होती.’

उत्तर:

तुमच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे. पण आज रात्री तुमच्या केंद्रात एखादा नवा पेशंट असेल, तर त्याच्याबद्दल आधी बोलायला हवे, कारण तिथे वेळ हाताशी नसतो.

त्या माणसाने नाटक केले नव्हते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ लागतो: नसलेली माणसे दिसतात, दिवस की रात्र हे कळत नाही, ताप चढतो, नाडी धावू लागते. डॉक्टर या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर तिच्यात माणूस दगावतो. हे टाळण्यासाठी पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे द्यावी लागतात. बहुतेक वेळा त्यांच्यासोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही द्यावे लागते, कारण वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या शरीरात त्याची कमतरता असते आणि ती मेंदूला कायमची इजा करू शकते. यातले काहीही दोरीने होत नाही. म्हणून पुन्हा असे कोणी थरथरू लागले, असंबद्ध बोलू लागले किंवा फिट आली, तर चालकांना विचारत बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. गाडी आत येऊ दिली नाही, तर ११२ वर पोलिसांना कळवा. बाकी सारे निर्णय तुम्ही पुढच्या काही दिवसांत घ्याल, हा एक मात्र आधीच घेऊन ठेवा.

आता ऋणाचा प्रश्न. सव्वादोन वर्षे न पिता राहणे किती अवघड असते ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते ज्या छपराखाली साधले त्याबद्दल कृतज्ञता वाटणे अगदी माणसासारखे आहे. ती कृतज्ञता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण तुमच्याच पत्रात तुम्ही लिहिले आहे की, दर शनिवारी नाशिकरोडहून येणारे, प्रेसमधून निवृत्त झालेले ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चे (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) एक जुने सदस्य तुमच्याशी तासन्तास बोलत. सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्ही पहिल्यांदा स्वतःच्या मुलीबद्दल मोकळेपणाने बोललात. आणि तुमचा भाऊ सहा महिने न चुकता भेटायला येत राहिला. मारहाणीचा उल्लेख मात्र तुम्ही एका वाक्यात उरकला आहे. मला वाटते, तुमचे मन जे सांगते आहे ते तुमच्या लेखणीने आधीच ओळखले आहे. दारू सुटली ती त्या गृहस्थांमुळे, भावामुळे, इतर पेशंटच्या संगतीमुळे आणि सर्वांत जास्त तुमच्यामुळे. चालकांनी दिलेल्या जागेचे आणि जेवणाचे पैसे तुमच्या भावाने दर महिन्याला भरलेले आहेत.

मारहाणीबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण ही समजूत तुमची एकट्याची नाही. ‘चौदावे रत्न दाखवल्याशिवाय दारुड्या सुधारत नाही’ असे नाशिकमधल्या कितीतरी सुशिक्षित घरांत आजही बोलले जाते, आणि वाईट केंद्रांचा धंदा त्याच समजुतीवर चालतो. मार खाऊन सुधारलेला एक माणूस म्हणून तुम्ही स्वतःकडे पाहता. पण मार खाऊन न सुधारलेले किती? रजिस्टर तुम्हीच भरता. त्यात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेली नावे किती आहेत ते आठवून पाहा. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे आणि चांगले उपचार मिळूनही अनेकांची स्लिप होते, म्हणजे ते पुन्हा पितात, हे खरेच आहे. पण जिथे स्लिप झाली की पुन्हा प्रवेश फी घेतली जाते आणि पेशंट का पुन्हा पिऊ लागला हा प्रश्न कोणी विचारतच नाही, तिथे त्या आजाराचा फायदा घेतला जातो आहे. भीतीने माणूस केंद्राच्या आत दारूपासून दूर राहतो, कारण आत दारू नसतेच. त्याला शिकायचे असते ते बाहेर राहून न पिणे, आणि तो धडा कोंडून ठेवून देता येत नाही.

तुमच्या ‘सेवे’कडेही जरा स्वच्छ नजरेने पाहू या. तुम्ही आज त्या केंद्राचे कोण आहात? पेशंट असाल, तर तुमचे उपचार कधीच संपले आहेत, आणि तुमच्याकडून रात्रंदिवस काम करून घेण्याचा केंद्राला अधिकार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २० नुसार रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपता येत नाही, आणि त्याने काम केलेच तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. कर्मचारी असाल, तर नेमणुकीचे पत्र, कामाचे ठरलेले तास, सुट्टी आणि किमान वेतन हे सारे तुम्हाला मिळायला हवे, आणि ४,००० रुपये कोणत्याही हिशेबाने त्याच्या जवळपासही जात नाहीत. केंद्राने तुम्हाला दोन्हींपैकी काहीच होऊ दिलेले नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्याला हात देणे ही या क्षेत्रातली फार मोलाची परंपरा आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणमध्ये बरे झालेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. त्याच परंपरेचे नाव घेऊन तुमचे श्रम फुकटात घेतले जातात आणि तुमची कागदपत्रे कपाटात बंद राहतात, याचा मला मनापासून राग येतो.

पिकअपच्या प्रश्नावर मी तुम्हाला सोयीचे उत्तर देणार नाही. वर उल्लेख केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था ‘मानसिक आजार’ या व्याख्येत येतात. म्हणूनच अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला या कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि दाखल करण्याचे त्यातले नियम लागू होतात. स्वतःहून आलेल्या प्रौढ माणसाने घरी जायचे म्हटले, तर त्याला सोडावे लागते. प्रकृती तपासण्यासाठी फार तर २४ तास थांबवता येते. इच्छेविरुद्ध ठेवायचे असेल, तर कलम ८९ नुसार त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (म्हणजे त्याच्या वतीने बोलण्यासाठी कायद्यानुसार नेमलेल्या व्यक्तीचा) अर्ज हवा, आणि एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या ७ दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेले हवे. असा दाखला जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो, आणि तो केल्याचे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांच्या आत, तर रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांच्या आत कळवावे लागते. त्यापुढे ठेवायचे तर दोन मनोविकारतज्ज्ञांची नव्याने तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. रात्री चार जणांनी घरात शिरून माणसाला उचलणे आणि मग महिन्यामागून महिना ‘अजून तयार नाही’ असे फोनवर सांगणे यात यातले काहीही नाही. बायकोने किंवा आईने कागदावर केलेली सही पुरेशी नसते. भारतीय न्याय संहितेनुसार बेकायदा डांबून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि त्यात मदत करणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते.

म्हणून आजपासून पिकअपला जाऊ नका आणि त्या २,००० रुपयांना हात लावू नका. तब्येतीचे कारण सांगा, पण गाडीत बसू नका. तक्रार देण्याआधी वकिलाशी बोला आणि त्याच्यापासून काहीही लपवू नका; पिकअप आणि कमिशन या दोन्ही गोष्टी त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अल्प उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. तुम्ही स्वतः पेशंट म्हणून आत आलात, तुमची कागदपत्रे अडकवून ठेवली होती आणि तुम्ही आपणहून पुढे येऊन माहिती दिलीत, या सगळ्याला वजन असते. ते नेमके किती, हे वकील सांगेल. मी इथून खोटा दिलासा देणार नाही.

कमिशनबद्दल तुम्ही लिहिले आहे की ‘सगळीकडे चालते’. सगळीकडे चालत नाही, पण जिथे चालते तिथे त्याचा शेवट काय होतो हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर दिसले आहे. तिथे उपचारांनंतर व्यसनमुक्तांनी एकत्र राहण्यासाठी ‘सोबर होम’ नावाची घरे असतात. फ्लोरिडा राज्यात दलाल रुग्णांना मोफत राहण्याचे, कधी पैशांचे आमिष दाखवून अशा घरांत आणत, आणि केंद्रे त्यांच्या विम्यावर पुन्हा पुन्हा लघवीच्या तपासण्यांची बिले लावत. रुग्ण पुन्हा व्यसन करू लागला की नवे उपचार सुरू होत, म्हणजे नवे बिल सुरू होई. अखेर २०१८ मध्ये रुग्ण पुरवण्याच्या बदल्यात पैसे देण्याघेण्याविरुद्ध तिथे केंद्रीय कायदा करावा लागला. अॅरिझोना राज्यात तर मूळनिवासी अमेरिकनांना त्यांच्या वस्त्यांमधून गाड्यांत भरून शहरात आणले गेले आणि सरकारी आरोग्य योजनेतून न केलेल्या उपचारांचे पैसे उकळले गेले. २०२३ मध्ये राज्य सरकारने अशा अनेक केंद्रांची देयके थांबवली. आपल्याकडे विम्याऐवजी आईचे दागिने आणि भावाचे कर्ज असते, एवढाच फरक. माणूस आणून देण्याचे पैसे मिळू लागले की तो बरा होऊन कायमचा घरी जावा असे कोणाला वाटेनासे होते. (आणि हो, ‘मेडिक्लेममध्ये बसवून देतो’ असे कोणी सांगत असेल तर तेही ऐकू नका. बहुतेक पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात, त्यामुळे असे बिल दुसऱ्याच आजाराच्या नावाने लावावे लागते, आणि त्या खोट्या दाव्यावर सही घरच्यांची असते.)

आतल्या तीस माणसांची चिंता तुमच्या पत्रातली मला सर्वांत खरी वाटलेली चिंता आहे. व्यसनावरचे उपचार आपल्याकडे किती दुर्मीळ आहेत याचा अंदाज एम्सच्या राष्ट्रीय व्यसनाधीनता उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून येतो: दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे त्यात दिसले, आणि दाखल होऊन उपचार मिळणाऱ्यांचे प्रमाण १८० जणांत एक इतके कमी होते. नाशिकमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरात शिंदे गावाजवळ एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना सापडला, तेव्हापासून आईबापांच्या मनातली भीती वाढली, उपचारांच्या सोयी मात्र तेवढ्या वाढल्या नाहीत. या दोहोंच्या मधल्या जागेतच तुमच्या केंद्रासारखी केंद्रे उभी राहतात. पण तक्रार केली म्हणजे दुसऱ्या दिवशी कुलूप लागून माणसे रस्त्यावर येतात असे समजू नका. तक्रारीतच स्पष्ट मागणी करा की आतल्या प्रत्येक रुग्णाची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांना जिल्हा रुग्णालयात किंवा नोंदणीकृत केंद्रात हलवावे आणि प्रत्येकाच्या घरी कळवावे. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: त्या तीस जणांना ‘तुम्हाला इथे राहायचे आहे का?’ असे कोणी शेवटचे केव्हा विचारले होते?

बाहेर पडलो तर पिईन का, या प्रश्नावर कोणीच तुम्हाला खात्री देऊ शकत नाही. पण तुम्ही आत राहूनही ती खात्री मिळत नाही. रोज रात्री कोणाचे तरी हात बांधले जाताना पाहणारा माणूस किती दिवस शांत राहील? बाहेर पडण्याची तयारी मात्र नीट हवी, रागाच्या भरात मध्यरात्री निघून जाऊ नका. आधी राहण्याची जागा ठरवा. भावाचे घर असेल तर उत्तम, नाही तर सातपूर-अंबडच्या बाजूला कामगारांसोबत भाड्याची खोली, पण खोलीत कोणी पिणारा नको. सीएनसीचे काम हातात आहे, त्याच्या जोरावर नोकरी शोधा. सुरुवातीला रात्रपाळी आणि पगाराच्या दिवशीचे मित्रमंडळ या दोन्हींपासून लांब राहा. शनिवारच्या त्या गृहस्थांना आत्ताच सांगा की तुम्ही बाहेर पडत आहात, आणि पहिल्या दिवसापासून रोज मीटिंगला जा. एएची मीटिंग मोफत असते. सदस्य आपखुशीने जे देतात त्यावर ती चालते आणि बाहेरून देणग्या घेतल्या जात नाहीत, त्यामुळे एएच्या नावाने कोणी फी मागत असेल तर ती एए नव्हे. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात एकदा स्वतःला दाखवून या. दारूची ओढ कमी करणारी औषधे आहेत आणि ती तुम्हाला लागतील का हे डॉक्टर ठरवतील. मन फार अस्वस्थ झाले तर टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

आधार कार्ड आणि पासबुक ‘बँकेत केवायसी करायची आहे’ असे सांगून मागून घ्या. दिले नाही तर त्यासाठी थांबू नका. आधारची प्रत पुन्हा काढता येते आणि बँक नवे पासबुक देते. अडकवून ठेवलेला कागद हा तुम्हाला अडकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो.

तक्रारीसाठी पुरावा गोळा करताना दोन पथ्ये पाळा. पेशंटचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ते व्हॉट्सअॅपवर किंवा बातमीदारांकडे देऊ नका. त्यांच्या संमतीशिवाय त्यांची छायाचित्रे व माहिती माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे, आणि ज्या माणसाची अब्रू आधीच गेली आहे त्याची ती दुसऱ्यांदा घालवायचा आपल्याला अधिकार नाही. आणि रजिस्टर उचलून आणू नका. त्याऐवजी एका साध्या वहीत तुम्ही स्वतः पाहिलेले लिहा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी सांगितले, कोण हजर होते, कोणत्या रुग्णालयात नेले. ऐकीव गोष्ट असेल तर ‘असे ऐकले’ म्हणून वेगळी लिहा. मोबाईलवर आलेले कमिशनचे पैसे, केंद्राच्या पावत्या, चालकांचे मेसेज जपून ठेवा आणि एक प्रत भावाकडे द्या.

मग त्या नोंदींवरून एक तक्रार लिहून ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आणि आपल्या जिल्ह्यासाठीच्या पुनर्विलोकन मंडळाकडे द्या, तसेच समाजकल्याण विभागाला प्रत द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. बांधून ठेवणे, मारहाण, डांबून ठेवणे यासाठी पोलीस ठाण्यात वेगळी फिर्याद लागते. केंद्राची मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणीच नसेल, तर पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये आणि पुढे वाढत जाऊन ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या इतर उल्लंघनांसाठी कैदही होऊ शकते. साखळीने बांधणे आणि एकांतात कोंडणे यांना पूर्ण मनाई आहे. धोका टाळण्यासाठी दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा तेवढ्यापुरते आवरून ठेवता येते, पण तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि कारण नोंदवून. तुमच्या केंद्रात मनोविकारतज्ज्ञ शेवटचा कधी आला होता, हे तक्रारीत जरूर लिहा.

राहिला तो फिट आलेला माणूस आणि त्याच्या घरचे. त्यांना खरे सांगा. केंद्राची बदनामी व्हावी म्हणून नव्हे. ज्याला एकदा अशी फिट येते किंवा भ्रम होतो, त्याला पुढच्या वेळी दारू एकदम बंद झाल्यास तसाच किंवा त्याहून गंभीर त्रास होण्याचा धोका असतो, म्हणून. घरचे ‘तो पडला होता’ असे समजून बसले, तर पुढच्या वेळी त्याला घरात कोंडून दारू सोडवतील आणि तो वाचणार नाही. शक्य असेल तर आधी त्याला स्वतःला सांगा आणि त्याच्या संमतीने त्याच्या पत्नीला फोन करा. त्या रुग्णालयातून उपचारांचे कागद मागून घ्यायला सांगा. आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. घरच्यांचे पैसे फसवून घेतले असतील, तर त्यांना जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

हे उत्तर कोणाच्या तरी आईच्या किंवा बहिणीच्या हाती पडेल असे धरून तिच्यासाठीही थोडे लिहिते. ताई, पैसे भरण्यापूर्वी केंद्र दिवसाउजेडी स्वतः पाहा. झोपण्याची जागा, संडास, स्वयंपाकघर दाखवायला नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ही संस्थेची नोंदणी असते, उपचारांचा परवाना नसतो. मानसिक आरोग्य कायद्याखालचे प्रमाणपत्र मागा, आणि पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता व फोन भिंतीवर लावलेला आहे का ते पाहा, कारण तो लावणे बंधनकारक आहे. मनोविकारतज्ज्ञाचे नाव आणि येण्याचे वार विचारा, पहिल्या आठवड्यातली औषधे कोण देणार आणि रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेणार ते विचारा. भेट आणि फोन यांवर सरसकट ४५ दिवसांची बंदी असेल, तर तिथे ठेवू नका. भेटणे आणि फोनवर बोलणे हा रुग्णाचा हक्क आहे. ‘न सांगता चहातून द्या’ म्हणून मिळणारी पुडी घरात आणू नका, कारण अशा पुडीत डायसल्फिरामसारखे औषध असले आणि त्यावर त्याने दारू प्यायली तर जीव जाऊ शकतो. आणि घरी आल्यावर तो ‘मला मारले’ म्हणाला, तर ‘व्यसनी माणूस खोटे बोलतो’ हे केंद्राने शिकवलेले वाक्य क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. खोटे बोलण्याची सवय असलेल्या माणसालाही खरोखर मार बसू शकतो.

आता पुन्हा तुमच्याशी. तक्रार दिल्यावर चालक म्हणतील की हा पुन्हा प्यायला लागला आहे, याच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा. म्हणून जिल्हा रुग्णालयात दाखवल्याचे केसपेपर तारखेनिशी जपा, आणि शनिवारचे गृहस्थ तयार असतील तर तुम्ही मीटिंगला नियमित येता हे सांगण्याची त्यांना विनंती करून ठेवा. समजा बाहेर पडल्यावर कधी स्लिप झालीच, तर त्याच दिवशी त्यांना फोन करा आणि दुसऱ्या सकाळी ओपीडीत जा. कोणी गाडी पाठवतो म्हणाले तरी त्या केंद्रात परत जाऊ नका आणि तक्रार मागे घेऊ नका. त्या पहाटे जे घडले ते तुम्ही शुद्धीवर असताना पाहिले आहे, आणि तुमच्या वहीतली ती तारीख तशीच राहणार आहे.